पूर्वीसारखे आहेत का?

निवृत्त माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात. औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून ते फणसवाडीतल्या आमच्या बाकड्यावर रोज संध्याकाळी मित्रांच्या गळ्यात मारावे लागतात. बाकड्यावरचे बहुतेक जण बँकेतले किंवा मंत्रालयातले. त्यांच्या किश्श्यांत एक साहेब असतो, एक फाइल असते आणि शेवटी साहेबाची बदली होते. माझी नोकरी जरा वेगळी. माझी सगळी हयात दुसऱ्यांच्या डोक्यांत गेली.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात, मेंदूच्या विभागात, मी कारकून होतो. इस्पितळाचं नाव सांगत नाही. ते अजून उभं आहे आणि माझं पेन्शन सुरू आहे.

डोक्याला मार लागलेला माणूस बरा होऊन चालत घरी गेला की बाकीचे डॉक्टर त्याला विसरून जात. आमच्या डॉ. वागळ्यांना नेमकी तिथून त्याच्यात गोडी वाटायला लागायची. "चौबळ," ते मला म्हणायचे, "पेशंट वाचला हे कळलं. वाचून पुढे काय केलं?"

हे 'पुढे काय केलं' त्यांना दरवर्षी हवं होतं, तेही वीस वर्षं! एकेका पेशंटला वर्षातून एकदा पत्र घालून बोलवायचं, तपासायचं, चार पानी फॉर्म भरायचा. पेशंटची वीस वर्षं म्हणजे माझीही वीस वर्षं, हे माझ्या लक्षात यायला दहा वर्षं गेली.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. 'रुग्ण पूर्वीसारखे आहेत का? (उत्तर नातेवाईकाने द्यावे.)' खाली तीन चौकोन. होय, नाही, सांगता येत नाही. प्रश्न डॉक्टरांचा, मराठी माझं. सबंध फॉर्ममध्ये हाच प्रश्न सगळ्यात सोपा आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

* * *

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपलं काम कमी होणार. मशिनं बंद, म्हणजे मशिनांचे अपघात बंद. झालं उलटंच!

दत्ताराम परब हा करी रोडच्या चाळीत राहणारा, साचेखात्यातला, म्हणजे मागांवरचा, विणकर. दहा बाय बाराच्या खोलीत गावचे नऊ जण. गिरणी चालू होती तोवर अडचण नव्हती. तीन जण कामावर, तीन जण झोपलेले, तीन जण बाहेर. पाळ्या बदलत तशा वळकट्या उलगडत. संप झाला आणि नऊच्या नऊ माणसं एकाच वेळी घरी! त्या खोलीनं आपल्या जन्मात एवढी माणसं एकदम पाहिली नव्हती.

दत्ताराम रातपाळीचा. दुपारी झोपायची वर्षानुवर्षांची सवय. जमिनीवर जागा मिळेना म्हणून त्यानं गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपांवर फळी टाकली आणि वर अंथरूण पसरलं. झोपेत नेहमीसारखा कुशीवर वळला, तो थेट दगडी फरशीवर. तीन आठवडे आमच्याकडे होता. पहिले आठ दिवस शुद्धीवर नव्हता.

फॉर्ममध्ये 'दुखापतीचे कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'संप'.

डॉक्टर म्हणाले, "चौबळ, हे काय?"

मी म्हटलं, "साहेब, पूर्ण हकिगत लिहायला रकाना पुरत नाही."

* * *

आता पत्रांबद्दल. वर्ष भरत आलं की मी पेशंटला पोस्टकार्ड घालत असे. 'आपल्या डोक्याच्या दुखापतीस एक वर्ष पूर्ण होत आहे. तरी अमुक दिवशी सकाळी नऊ वाजता विभागात हजर राहावे.' कार्डांचा गठ्ठा मोठा. कुठल्याची नोंद वहीत झाली आणि कुठल्याची राहिली, याचा घोळ व्हायचा. म्हणून मी एक पद्धत काढली. नोंद झाली की कार्डाचा एक कोपरा किंचित फाडायचा.

वाचणाऱ्यांपैकी जुन्या लोकांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कोणीतरी गेल्याची खबर! फणसवाडीत वाढलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं. ठाऊक होतंच. पण कारकुनाला एकदा पद्धत सुचली की त्याला दुसरं काही सुचत नाही.

मुंबईतल्या मुंबईत हे फारसं कोणाला लागलं नाही. दत्तारामचा कायमचा पत्ता मात्र खोलीतल्या कोणीतरी गावचा लिहून दिला होता, कणकवलीजवळचा. दत्तारामला तपासणीची तारीख आमच्या महादेव शिपायानं तोंडी सांगितली होती, कारण महादेव त्याच चाळीत, त्याच मजल्यावर राहायचा. आणि पोस्टकार्ड, नियमाप्रमाणे, गावी गेलं. कोपरा फाडून.

पोस्टमननं ते दत्तारामच्या बायकोच्या, सुमनच्या, हातात दिलं. पुढचं वाचायची कोणाची छातीच झाली नाही. अख्खी वाडी गोळा झाली. सुमन मिळेल त्या एस.टी.त बसली आणि तपासणीच्या दिवशी सकाळी, कार्ड हातात धरून, रडत रडत आमच्या दारात उभी राहिली. समोर बाकावर दत्ताराम बटाटावडा खात बसलेला!

"सुमन? तू खयसून इलंस? आणि रडतंस कित्याक?"

"तुमी गेलास म्हणान!"

"मी खय गेलंय? मगासपासून हयच बसलंय. डाक्टरानी बसाक सांगितल्यानी."

सुमननं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा कार्डाकडे, आणि मग माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. डॉक्टर म्हणाले, "चौबळ, गावी ताबडतोब पत्र टाका, माणूस जिवंत आहे म्हणून. तिथे सुतक धरून बसलेत सगळे!"

टाकलं. ह्या वेळी चारही कोपरे मोजून टाकलं.

* * *

सुमन परत गेली नाही. संप लांबत चालला, खोलीतले एकेक जण गावी जाऊन शेतीला लागले, तसं त्या खोलीत नवरा-बायकोचं बिऱ्हाड मावू लागलं. तिला एकाच गोष्टीची काळजी होती. संप मिटला की गिरणी ह्यांना परत घेईल ना? गिरणीवाले इस्पितळाचा कागद मागणार, हे तिनं ऐकलं होतं. आणि तो कागद आमच्या फॉर्मातूनच निघतो, अशी तिची पक्की समजूत होती.

डॉक्टरांनी फॉर्म काढला. "बाई, पडण्याआधी दत्ताराम कसे होते?"

सुमन गोंधळली. "माका काय म्हायत? मे म्हयन्यात येयत, गणपतीक येयत. जेवत, झोपत, जायत."

"बोलायचे कसे? शांत, की रागीट?"

"माझ्याशी?" तिनं विचारलं. "माझ्याशी कित्याक बोलतीत?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. मग त्यांनी खोलीतले जे जोडीदार अजून मुंबईत होते, त्यांना बोलावलं. पहिल्या पाळीतला म्हणाला, "एकदम गरीब माणूस, साहेब. तोंडातून शब्द नाही." दुसऱ्या पाळीतला म्हणाला, "कोण, दत्ताराम? अहो, घास हातात धरून बडबडत बसायचा!" मग तिसऱ्याची पाळी आली.

"तुम्ही काय सांगाल?"

"मी काय सांगतलंय? तो उठलो की मी झोपा, मी उठलंय की तो झोपा. माका तेची वळकटी तेवढी म्हायत." आणि जाता जाता म्हणाला, "गरम असायची."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय लिहिणार?"

मी काही बोलायच्या आत सुमन पुढे झाली. "होय म्हणान लिवा. पूर्वीसारखेच असत."

नातेवाईकानं उत्तर दिलं होतं. मी 'होय'च्या चौकोनात खूण केली.

* * *

हिराबाई ही वरळीच्या कोळीवाड्यातली, लालबागच्या बाजारात मासे विकणारी. होडीतून उतरताना घसरली आणि डोकं आपटलं. बाकी सगळं ठणठणीत, फक्त वास येणं कायमचं बंद. असं होतं म्हणे. डोक्याला मार लागला की नाकाच्या तारा तुटतात.

ती डॉक्टरांच्या कानाशी लागली. "कोनाला सांगू नको हां डॉक्टर. मावरा विकनारीला वास येत नाय कललं तं माझ्याकडशी कोन घेल?"

डॉक्टरांनी शब्द दिला. पण तपासणी करायलाच हवी. त्यांच्याकडे छोट्या बाटल्या होत्या. कापूर, लवंग, कॉफी, हिंग. हिराबाई दरवर्षी चारही बाटल्या हुंगायची आणि चारही वेळा ठणकावून सांगायची, "कापूर!" चारांतलं एक उत्तर बरोबर यायचंच. डॉक्टर हैराण. हिला थोडा तरी वास येतो का, हे ठरेना.

एका शनिवारी ती डॉक्टरांसाठी प्रेमानं एक मोठा पापलेट घेऊन आली. डॉक्टर घरी गेलेले. तिनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटात, फॉर्मांच्या मागे ठेवला. मला सांगितलं नाही. रविवार गेला.

सोमवारी सकाळी सबंध विभाग नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात उभा! आत पाऊल टाकायची कोणाची तयारी नाही. तेवढ्यात हिराबाई आली. आमच्यातून वाट काढत सरळ आत गेली, कपाटाला टेकून खुर्चीवर बसली आणि आतून ओरडली, "आरं, भायेर कनाला उभे? आत या की!"

डॉक्टरांनी रुमालाआडूनच मला सांगितलं, "चौबळ, लिहा. वास, पूर्ण शून्य. बाटल्यांची गरज नाही."

* * *

दत्ताराममध्ये एक फरक पडला होता, तो कोणाच्याही लक्षात यावा असा. मनात आलं की तोंडातून बाहेर! मधे दारच नाही. डॉक्टर म्हणत, मेंदूचा पुढचा भाग दुखावला की असं होतं, आपल्या सगळ्यांच्या तोंडावर एक वॉचमन असतो, ह्याचा गेला.

डॉक्टर वागळे केसांचा टोप वापरत. विभागात हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते कोणालाच माहीत नाही, असं आम्ही सगळे वागत होतो. एके दिवशी तपासणी चालू असताना दत्ताराम त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाला, "डाक्टरानू, तुमचो टोप वायच डावीकडे सरकलो."

महादेवच्या हातातली बशी वाजली. मी फॉर्ममध्ये डोकं घातलं.

डॉक्टरांनी शांतपणे टोपाला हात लावला. "आता?"

"आता उजवीकडे गेलो."

मग तो सुमनकडे वळला. "आणि ही माझी बायल. दिसाक बरी हा ना? लग्नाक बारा वर्सा झाली, माका आत्ता दिसता!"

सुमननं पदरात तोंड लपवलं. बिचारी रडतेय, असं मला वाटलं. मी महादेवला पाणी आणायला पाठवलं. पाणी आलं, तिनं पदर खाली केला, आणि पाण्याची काही गरज नव्हती असं दिसलं.

पुढच्या सोमवारी डॉक्टर टोपाशिवाय आले. आणि दत्तारामच्या फॉर्मात त्यांच्या अक्षरात नोंद आहे, 'बोलण्यावर ताबा नाही. निरीक्षण अचूक.'

* * *

स्मरणशक्तीसाठी आमच्याकडे पाच शब्द होते. नारळ, कात्री, पोपट, पलंग, दिवा. पेशंटला ते एकदा ऐकवायचे, मग दहा मिनिटं इकडचं तिकडचं विचारायचं आणि मग म्हणायचं, "आता सांगा बघू." चांगल्या चांगल्या माणसांना तीन आठवत. मला विचाराल तर मी झोपेत सांगेन.

चौथ्या-पाचव्या वर्षी डॉक्टरांना एक चमत्कार दिसला. दादरचे पेशंट तीनावर, गिरगावचे तीनावर, आणि करी रोडचे मात्र पाचापैकी पाच! त्यांनी रात्ररात्र विचार केला. खाण्यात मासे जास्त, म्हणून असेल का? चाळीत सतत माणसांशी बोलणं होतं, म्हणून? मला म्हणाले, "चौबळ, करी रोडच्या हवेत काहीतरी आहे!"

हवेत काय होतं ते त्याच आठवड्यात कळलं. करी रोडचा एक नवा माणूस आला, शिडीवरून पडलेला. आयुष्यात पहिल्यांदाच विभागात येत होता. डॉक्टर म्हणाले, "मी आता तुम्हाला पाच शब्द सांगणार आहे—"

"नारळ कात्री पोपट पलंग दिवा!" तो एका दमात म्हणाला.

चौकशी झाली. गुन्हेगार महादेव शिपाई! वर्षानुवर्षं दाराशी उभा राहून त्याचे शब्द पाठ झाले होते. दत्तारामला पास व्हायचंय, तरच गिरणीचा कागद मिळणार, म्हणून तो रोज संध्याकाळी गॅलरीत त्याची शिकवणी घ्यायचा. मजल्यावरचे सगळे बसायचे. पोरंसुद्धा घोकायची.

डॉक्टर संतापले. "अरे, ही परीक्षा नाही! हे संशोधन आहे!"

महादेव खाली मान घालून म्हणाला, "म्हंजे साहेब, पोर्शन बदलनार का?"

* * *

पोर्शन बदलला. डॉक्टरांनी नवे पाच शब्द काढले, दार लावून मला दिले आणि सांगितलं, टाइप करा, कोणाला दाखवू नका, महादेवला तर अजिबात नाही. मी नवा करकरीत कार्बन घालून दोन प्रती काढल्या. नवा कार्बन एकदाच वापरला की त्यावर सगळी अक्षरं उजेडात स्वच्छ वाचता येतात. टायपिस्टला हे माहीत असतं.

तपासणीच्या दोन दिवस आधी सुमन आली. तेव्हा गिरण्या एकेक करून मूठ-मूठ माणसं आत घेत होत्या. संप मिटला असं कोणी कधी सांगितलं नाही. तो नुसता विरत गेला. दत्तारामच्या गिरणीनंही आपली माणसं बोलावली होती. तिनं मला शब्द विचारले नाहीत. एवढंच म्हणाली, "ह्या येळेक कठीण असत काय हो, क्लार्कसायबानू?"

मी पाणी प्यायला उठलो. माठ व्हरांड्याच्या टोकाला होता. मी दोन ग्लास प्यालो. परत आलो तेव्हा सुमन गेली होती.

तो कार्बन टेबलावर कसा राहिला, हे मला अजूनही सांगता येत नाही. आणि माझ्या डोक्याला तर कधी मार लागलेला नाही.

दत्तारामनं पाचही शब्द सांगितले. घोडा, चमचा, पेरू, खिडकी, छत्री. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे. मग त्यांनी कागद दिला, 'कामावर घेऊन पाहण्यास हरकत नाही.' दुसऱ्या दिवशी महादेव रजा टाकून दत्तारामबरोबर गिरणीच्या दरवाज्यावर गेला.

दुपारी तो एकटाच विभागात आला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. शिपाई माझ्यासमोर स्टुलावर बसल्याची ती पहिलीच वेळ.

"काय झालं रे?"

"साचेखात्याच्या मास्तरनं कागद बगितला. म्हनला, ठीक हाय. मग इचारलं, डोक्याला लागलं व्हतं ना, साचे जमतील का? मागं ही रांग, साहेब! समदे नुस्तं 'जमतंय, जमतंय' म्हनत आत चाल्ले व्हते."

"मग?"

"दत्ताराम म्हनला, खय जमतले, मास्तर? दोन साच्यांकडे एकदम बघलंय की डोक्यात भुंगो फिरता. एक द्या, बघतंय." महादेवनं डोळे पुसले. "मास्तर म्हनला, एका साच्याचा मानूस गिरनीत नसतो. दिला कागद परत."

मी उठून त्याच्यासाठी माठातलं पाणी आणलं.

"पाची शब्द पाठ व्हते वो त्याला!" महादेव म्हणाला. "घोडा, चमचा, समदं. मास्तरनं त्यातलं एकबी इचारलं न्हाई!"

* * *

सुमननं खोलीत खाणावळ काढली. दत्ताराम वाढायचा. वाढपी म्हणून त्याची पद्धत अशी की ताट ठेवतानाच तो घोषणा करायचा, "आज बांगडो कालचो हा. आमटी खावा." नवी माणसं चमकायची. जुनी माणसं दुसऱ्या मित्रांना घेऊन यायची. मुंबईत एवढी एकच खाणावळ होती जिथे काय खाऊ नये ते मालकच सांगायचा!

तपासणीच्या दिवशी त्याची आणि हिराबाईची बाकावर ओळख झाली. एकीला वास येत नाही आणि दुसऱ्याला खोटं बोलता येत नाही, हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं कोण जाणे. पण रोज सकाळी दत्ताराम बाजारात जाऊन हिराबाईची टोपली हुंगून द्यायला लागला. बदल्यात पहिलं निवडलेलं मावरं खाणावळीला. अडचण एकच. तो निकाल सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा द्यायचा.

"हलू बोल रं मेल्या!" हिराबाई त्याच्या पाठीत टोपलीचं फडकं मारायची.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी दोघांचे फॉर्म एकत्र टाचले. "चौबळ, दोन पेशंट मिळून एक पूर्ण माणूस झाला! ह्याला रकाना आहे का आपल्याकडे?"

नव्हता. आणि शेवटच्या पानावरच्या प्रश्नाला सुमनचं उत्तर दरवर्षी तेच. होय. मी एकदा हळूच म्हटलं, "आता कागद कोणाला दाखवायचाय?" ती म्हणाली, "गिरण परत उघडली तर?"

* * *

विसाव्या वर्षाची तपासणी शेवटची. डॉक्टर वागळे निवृत्त झाले होते, पण ह्या तपासण्यांना मुद्दाम यायचे. करी रोडला दत्तारामच्या गिरणीची चिमणी जाऊन तिथे टॉवरचा पाया खणला जात होता. महादेव साताऱ्याला गेला होता. सुमनचे केस पांढरे झाले होते. तपासून झाल्यावर दत्ताराम चहा प्यायला बाहेर व्हरांड्यात गेला.

मी शेवटचं पान उलटलं आणि सवयीनं 'होय'वर पेन टेकवलं.

"थांबा, चौबळ." डॉक्टर सुमनसमोर खुर्ची ओढून बसले. "बाई, आता गिरणी नाही, मास्तर नाही. हा कागद कोणीही मागणार नाही. वीस वर्षं मी एकच प्रश्न विचारतोय. आज खरं सांगा. हे पूर्वीसारखे आहेत का?"

सुमननं दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरा सांगू? नाय. पयल्या दिसापासून नाय. मी खोटा सांगलंय."

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की टोप नसल्यामुळे तो पार मागपर्यंत उजळला. "चौबळ, लिहा!"

मी 'नाही'वर खूण केली. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. स्टोव्ह पेटवून विसरतात. हिंदमाताला साडी आणायला गेले ते संध्याकाळी माटुंग्याच्या पोलिसांनी आणून सोडले, साडी मात्र घट्ट धरलेली. वाढता वाढता मधेच डोकं धरून बसतात. कोणालाही काहीही बोलतात. आमटी चांगली झाली तर सगळ्या पंगतीसमोर तिचा हात वर करून दाखवतात. डोळ्यांत पाणी येतं, हसताना पण येतं. दिवसभर बोलतात. तिच्याशीच बोलतात.

पान भरलं. मी मागची बाजू घेतली.

डॉक्टर पुढे वाकले. वीस वर्षं शोधत असलेलं उत्तर आता हाताला लागलं होतं. "बाई, हे आधी सांगितलं असतंत तर! अजूनही उशीर झालेला नाही. आता चांगली औषधं निघाली आहेत. हे असं मनात येईल ते बोलणं पुष्कळ कमी होईल. अगदी सगळं नाही, पण बरेचसे पूर्वीसारखे होतील. शांत. लिहून देऊ?"

व्हरांड्यातून दत्तारामचा आवाज येत होता. चहावाल्याला सांगत होता, "ह्येका चाय म्हणतत? फुळकवणी हा! माझ्या बायलेकडे ये, ती शिकवतली तुका. तिच्या हातचा कायव खा, जीव गार जाता!"

सुमन उठली. डॉक्टरांकडे न बघता माझ्या टेबलाशी आली आणि तिनं फॉर्मवर आपला तळहात ठेवला.

"क्लार्कसायबानू, खोडा ता."

"काय खोडू?"

"ता 'नाय' खोडा. 'होय' लिवा. पूर्वीसारखेच असत हे. अगदी पूर्वीसारखेच!"